नोटोरियस म्हणजे फेमसच ना?

कोरा कागद:
मंडळी, एक बेसिक डाउट आहे. काल ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये मी हौसेने लिहिलं की आमची टीम वेळेवर काम देण्यासाठी नोटोरियस आहे. सारखं फेमस फेमस लिहून कंटाळा आलेला म्हणून डिक्शनरीत बघून घातला शब्द, तिथे 'सर्वांना माहीत असलेला' असा सरळ अर्थ होता. स्लाइड आली आणि मॅनेजर हसतच सुटले, म्हणे कुठे दरोडा घातला का टीमने? नक्की काय चुकलं? आणि इन्फेमस म्हणजे जो फेमस नाही तो का?

चष्मिष:
डिक्शनरी खोटं नाही बोलली, अर्धंच बोलली. मूळ लॅटिन नोटस, म्हणजे माहीत असलेला, आणि 16व्या शतकात इंग्रजीत हा शब्द तसाच साधा होता. पण पुढे चोर, लबाड, पापी असल्याच नावांच्या आधी तो इतका लागत गेला की संगतीने बिघडला बिचारा. आपल्या नामचीनचं बघ ना, अर्थ नाव असलेला एवढाच, पण नामचीन म्हटलं की पुढे गुंडच येतो, नामचीन डॉक्टर कोणी लिहीत नाही. स्पॅनिशमधला नोटोरिओ मात्र अजून सरळमार्गी आहे.
(हा नोटस आणि आपलं जाणणं दोन्ही एकाच जुन्या मुळातले, संस्कृत ज्ञा आठव.)

उंबरठा:
इन्फेमस म्हणजे कुप्रसिद्ध, प्रसिद्ध नसलेला नाही. फेम हा लॅटिन फामावरून आलाय, आणि फामा म्हणजे लोकांमधली चर्चा, चार लोक काय म्हणतात ते. ते वाईट म्हणायला लागले की इन्फेमस. जुन्या रोममध्ये तर इन्फामिया ही कायद्यातली गोष्ट होती, तो शिक्का बसला की माणसाचे काही हक्कच जायचे, आणि नट नि ग्लॅडिएटर लोकांवर तो धंद्यामुळेच बसायचा!! पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर 8 डिसेंबर 1941 च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टनी हल्ल्याच्या म्हणजे आदल्या दिवसाच्या तारखेला इन्फमीची, म्हणजे बदनामीची तारीख म्हटलं. मसुद्यात आधी 'जगाच्या इतिहासात' होतं, ते खोडून त्यांनी हा शब्द घातला.
उच्चार इन-फेमस नाही हं, इन्फमस, जोर पहिल्या इन् वर.

गप्पिष्ट:
थोडं असहमत. नोटोरियसला दरवेळी गुन्हाच लागतो असं नाही, त्रासदायक खोड असली तरी चालतं. उशिरा येण्याबद्दल नोटोरियस, किंवा एखादा पेपर नोटोरियसली अवघड, हे अगदी रोजचं इंग्लिश आहे. फक्त चांगल्या गुणाला लावलं की लोक हसतात, मग तिथे वेल नोन नाहीतर रिनाउन्ड वापर. त्यातही रिनाउन्ड जरा भारदस्त, सर्जन किंवा संशोधकाला शोभतो, टीमच्या डेडलाइनला नको.

कोरा कागद:
धन्यवाद सगळ्यांना. स्लाइडवर वेल नोन केलंय. मॅनेजरना दाखवली तर म्हणाले, मागच्या 2 डेडलाइन बघता आधीचाच शब्द बरा होता 😅