मदत हवी आहे: मेंदूच्या सर्जनचं नाव सांगून नाना बाळाची लस अडवतायत

मंडळी, मी एरवी वाचनमात्र असते. आज मात्र तुमची मदत हवी आहे. थोडं लांबेल, पण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय ७४. साताऱ्याजवळच्या एका शाळेत ३५ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर अर्धा मार्क कापायचे. सहा वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले आणि कवटीच्या आत रक्त साकळलं. रात्री अडीच वाजता एका न्यूरोसर्जननी ऑपरेशन केलं, म्हणून नाना आज आमच्यात आहेत. दर दसऱ्याला ते त्या डॉक्टरांना सोनं द्यायला जातात, एकही दसरा चुकवलेला नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे. नानांसाठी मेंदूचा सर्जन म्हणजे शेवटचा शब्द.

गेल्या वर्षी त्यांच्या एका ग्रुपवर चाळीसेक पानांची मराठी पीडीएफ आली. कोणी लिहिली, कुठेच नाव नाही. पानोपानी हवाला मात्र डॉ. रसेल ब्लेलॉक या अमेरिकन मेंदूच्या सर्जनचा. नानांनी ती छापून आणली, स्पायरल बाइंडिंग केलं, लाल पेनाने खुणा केल्या. मग ॲल्युमिनियम नको म्हणून आईची हिंडालियमची कढई आणि जुना कुकर भंगारात गेला. आई दोन दिवस बोलली नाही, पण म्हटलं, जाऊ दे, भांडीच आहेत. लग्नाच्या पंगतीत अजिनोमोटो असेल म्हणून नाना फक्त वरणभात खातात. तेही चालेल.

पण धाकट्या बहिणीचं बाळ पुढच्या महिन्यात नऊ महिन्यांचं होतंय. गोवर-रुबेलाची पहिली लस आहे. नाना म्हणतात, "मेंदूचा सर्जन सांगतोय की लसीतलं ॲल्युमिनियम आणि पारा मेंदूत जातो. त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?" बहीण बाळंतपणापासून माहेरीच आहे, नानांचा शब्द मोडायची तिला सवय नाही. ती कुंपणावर बसली आहे.

त्या पीडीएफमधलं किती खरंच ब्लेलॉक यांचं आणि किती कोणी घुसडलेलं, हे मी सांगू शकत नाही. म्हणून त्यांची जी मांडणी जाहीर आहे तेवढ्याबद्दलच लिहिते. ते अमेरिकेतले निवृत्त न्यूरोसर्जन आहेत आणि पदवी खरी आहे. लुइझियानात वैद्यकीय शिक्षण झालं, मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमध्ये शिकवलं. १९९४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात अजिनोमोटो (म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट) आणि ॲस्पार्टेम (साखरेऐवजी वापरतात ते) हे रोजच्या खाण्यातल्या प्रमाणातही मेंदूच्या पेशींना घातक आहेत असं म्हटलंय. पुढे लसी, पाण्यातलं फ्लोराइड, ॲल्युमिनियमची भांडी आणि २०२० मध्ये मास्क, या सगळ्यांविरुद्ध ते लिहीत आले. मुख्य प्रवाहातल्या विज्ञानाने हे दावे मान्य केलेले नाहीत.

मला सगळ्यात अवघड जातं ते हे, की या मांडणीचा पाया खोटा नाही. ग्लुटामेट हा मेंदूतला एक महत्त्वाचा संदेशवाहक आहे. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की तो पेशींबाहेर साचतो आणि शेजारच्या पेशी अतिउत्तेजित होऊन मरतात. हे खरं शास्त्र आहे. १९६९ मध्ये जॉन ओल्नी या अमेरिकन संशोधकांनी नवजात उंदरांना ग्लुटामेट टोचलं, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला इजा झालेली दिसली. तेही खरं. नाना हे वाचतात आणि म्हणतात, "बघ, प्रयोग आहे." मी गप्प होते.

नंतर मी तो प्रयोग नीट समजून घेतला. डोस होता वजनाच्या दर किलोला अर्धा ते चार ग्रॅम, तोही कातडीखाली टोचून. साठ किलोच्या माणसाला त्या हिशेबाने कमीत कमी ३० ग्रॅम एकदम टोचावे लागतील. आपण जे खातो ते आधी आतड्यात जातं, आणि आतड्याच्या पेशी त्यातलं बहुतेक ग्लुटामेट इंधन म्हणून स्वतःच वापरून टाकतात. रक्तात जे उरतं त्याला मेंदूभोवतीचा रक्त-मेंदू अडसर सहजी आत घेत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा अंदाज असा, की प्रौढ माणसाच्या पोटात अन्नातल्या प्रथिनांतून रोज साधारण १३ ग्रॅम ग्लुटामेट जातं आणि वरून घातलेलं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. आईच्या दुधात ते असतं. नाना ज्याच्या दोन वाट्या मागून घेतात त्या टोमॅटोच्या सारातही असतं. रिकाम्या पोटी तीन ग्रॅमहून जास्त घेतलं तर काही जणांना थोडा वेळ डोकेदुखी, मुंग्या येणं असा त्रास होऊ शकतो, इतकं तज्ज्ञांनी मान्य केलं आहे. त्यापुढचं, म्हणजे मेंदूच्या पेशी मरण्याचं, माणसांत दिसलेलं नाही.

आणखी एक. पीडीएफमध्ये लिहिलंय, नळाचं पाणी पिऊ नका, सरकार त्यात फ्लोराइड मिसळतं. ते अमेरिकेत मिसळतात, दातांसाठी. आपल्याकडे कुठली नगरपालिका मिसळते? आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात ते जमिनीतूनच जास्त उतरतं आणि लोकांचे दात, हाडं खराब होतात. तिथली अडचण ते काढून टाकण्याची आहे. म्हणजे कोणीतरी अमेरिकेतलं भांडण जसंच्या तसं उचलून आमच्या घरात आणून ठेवलंय.

आता मुद्द्याचं. गोवर-रुबेलाची लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची, कोरड्या पावडरची असते. तिच्यात ॲल्युमिनियमही नसतं आणि पाऱ्याचं थायोमर्सलही (लस टिकवायला घालतात ते) नसतं. म्हणजे नाना ज्या दोन गोष्टींसाठी अडून बसलेत त्या या लसीत नाहीतच!

माझे प्रश्न:
नानांना हे कसं सांगू, की ज्या हाताने त्यांचा जीव वाचवला त्या हाताचा अपमान होणार नाही? त्यांना वाटतं मी सर्जन लोकांना खोटं ठरवतेय. मला एवढंच म्हणायचंय, की कवटी उघडून रक्त काढण्याचं कौशल्य वेगळं आणि लाखो मुलांवर लसीचा परिणाम मोजणं वेगळं.
आणि बहिणीशी आधी बोलू की नानांशी?

— चिंचेचं पान

*

सदाफुली:
मी मुंबईत नर्स होते, आता निवृत्त. तुमचं लिहिणं बरोबर आहे, पण एक दुरुस्ती आधी सांगते, नाहीतर पुढे पंचाईत होईल. नऊ महिन्यांच्या भेटीत गोवर-रुबेलाबरोबर न्युमोकोकल (न्युमोनियाविरुद्धच्या) लसीचा बूस्टर असतो. त्यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो. तुम्ही "ॲल्युमिनियम नाहीच" म्हणून नानांना नेलंत आणि त्यांनी दुसऱ्या कुपीवर वाचलं, तर त्यानंतरचं तुमचं काहीच ते ऐकणार नाहीत. सगळं आधीच सांगा. हेही सांगा, की लसीत ॲल्युमिनियमचे क्षार १९३० च्या दशकापासून वापरात आहेत आणि मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत असते. २०२५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी १२ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, लसींतून मिळालेल्या ॲल्युमिनियमच्या प्रमाणाशी ताडून पाहिल्या. दमा, ॲलर्जी, ऑटिझम धरून ५० आजार पाहिले, धोका वाढल्याचं आढळलं नाही.

नानांना मेंदूचीच काळजी आहे ना? मग गोवर मेंदूला काय करतो ते सांगा. हजारात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. आणि एसएसपीई नावाचा आजार आहे. गोवर बरा झाल्यावर काही वर्षांनी, शाळेत जाणारं मूल अचानक अडखळायला लागतं, झटके येतात, बोलणं जातं. त्यातून मूल परत येत नाही. दुर्मीळ आहे, पण लहान वयात गोवर झालेल्यांना धोका जास्त. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली तेव्हा मुलं दगावली. लस राहून गेलेली कितीतरी मुलं त्या वस्त्यांत होती. आईकडून मिळालेलं संरक्षण नऊ महिन्यांपर्यंत ओसरतं, म्हणून ही तारीख आहे. पुढे ढकलू नका, हात जोडून सांगते.

घाटवाट:
माझ्या काकांच्या बाबतीत आम्ही चूक केली. सगळे मिळून जेवणाच्या ताटावर त्यांना खोडून काढायचो. ते जास्तच अडले. तुम्ही एकट्या बसा, आणि त्यांना मास्तर म्हणून विचारा: "नाना, हा प्रयोग तपासून द्या." मार्क कापायचं काम त्यांचं त्यांना करू द्या. आणि दसऱ्याला ज्यांना सोनं देतात त्या डॉक्टरांनाच का नाही विचारत? ते सांगतील तर अपमानाचा प्रश्नच येत नाही. बहिणीशी मात्र आजच बोला. बाळ तिचं आहे, निर्णयही तिचाच, नानांचा नाही.

चिंचेचं पान:
दोघांचेही मनापासून आभार. सदाफुलीताई, ते बूस्टरचं मला खरंच माहीत नव्हतं, मोठी चूक झाली असती.

काल बहिणीशी बोलले. ती म्हणाली, "मला लस द्यायचीच आहे गं, फक्त नानांसमोर एकटीने उभं राहायची भीती वाटते." दोघी रडलो.

आज दुपारी नानांपुढे ओल्नींच्या प्रयोगाचे आकडे ठेवले आणि मुद्दाम एककं लिहिली नाहीत. लगेच म्हणाले, "चार काय? चार मिलिग्रॅम की चार ग्रॅम? आणि कशामागे?" मग स्वतःच वही काढली. दर किलोला चार ग्रॅम, ६२ किलो, असा गुणाकार केला, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि बराच वेळ तसेच बसले. पीडीएफमध्ये हा डोस कुठे दिलाय ते शोधत होते. दिलेला नाही.

लसीबद्दल अजून हो म्हणालेले नाहीत. पण संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकला स्वतः फोन लावून शुक्रवारची वेळ घेतली. मला म्हणाले, "तूही चल, आणि लसीच्या खोक्यातला तो कागद मिळतो का बघ."

कोणाकडे गोवर-रुबेला आणि न्युमोकोकल लसींची ती माहितीपत्रकं असतील, मराठीत असली तर फारच बरं, तर शुक्रवारच्या आत इथे टाकाल का? नानांना प्रत्येक घटकापुढे प्रमाण लिहिलेलं हवंय.