घरात फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, आला म्हणजे स्वयंपूर्णता आली का?

कातळशिल्प: 2022 मध्ये अमेरिकेने चिप्स कायदा करून कारखान्यांच्या अनुदानासाठी 39 अब्ज डॉलर काढले. 2023 मध्ये युरोपने 43 अब्ज युरोंचा घाट घातला. चीनचा चिपसाठीचा मोठा निधी तर 2014 पासूनचा. मला हा पैसा वाया जाताना दिसतोय. एएसएमएल या डच कंपनीचं एक ईयूव्ही यंत्र घ्या, अतिसूक्ष्म चिपवर प्रकाशाने नक्षी छापणारं. वितळलेल्या कथिलाचे सेकंदाला 50,000 थेंब, प्रत्येकावर लेझरचा मारा, तेव्हा कुठे 13.5 नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. जुळणी नेदरलँड्समध्ये, लेझर आणि आरसे जर्मनीचे, प्रकाशस्रोतामागे सॅन दिएगोची मंडळी. यातलं 'स्व' कुठलं?

उंटावरचा_शहाणा: 2019 विसरलात. जुलैत जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या फोटोरेझिस्ट, हायड्रोजन फ्लोराइड आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड या चिप आणि डिस्प्लेसाठी लागणाऱ्या मालावर प्रत्येक खेपेला वेगळा परवाना लावला. मेमरी चिपमधला दादा देश रसायनांच्या पिंपांवर अडला. त्यानंतर कोरियाने पर्याय शोधायला घेतले, ते काय हौस म्हणून?

कातळशिल्प: अहो, पर्याय शोधणं वेगळं आणि सगळं घरात करणं वेगळं. पहिल्याला माझी ना नाही.

तिसरी_घंटा: ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने प्रगत चिप आणि यंत्रांबाबत चीनची नाकेबंदी आवळली. ऑगस्ट 2023 मध्ये चीनच्या ह्वावेचा मेट 60 प्रो हा फोन आला, आत एसएमआयसी या चिनी कंपनीची 7 नॅनोमीटरची चिप. ईयूव्ही नाही, जुन्या यंत्रावर एकाच थराला पुन्हा पुन्हा प्रकाश दाखवून काढलेली. खर्चिक उद्योग, यील्डही, म्हणजे चांगल्या निघणाऱ्या चिपचं प्रमाणही, पडतं. पण सरकार पाठीशी असेल तर हिशेब विचारतो कोण! त्याच महिन्यात चीनने गॅलियम आणि जर्मेनियम या चिपला लागणाऱ्या मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना लावला. बंदीने स्पर्धक थांबला नाही, उलट अमेरिकेचंच गिऱ्हाईक हातचं गेलं.

उंटावरचा_शहाणा: म्हणजे माझंच म्हणणं. शेजारी कधी दार लावेल सांगता येत नाही.

कातळशिल्प: मग नेक्सपेरियाचं काय? सप्टेंबर 2025 च्या अखेरीस डच सरकारने या चिनी मालकीच्या डच चिप कंपनीच्या कारभारात हात घातला, चीनने तिचा चीनमधून बाहेर जाणारा माल अडवला. वेफर, म्हणजे ज्यातून चिप कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, हॅम्बुर्गमध्ये बनत होते हो, युरोपातच! पण कापून पॅकेजिंगला, म्हणजे चिपवर आवरण आणि जोडण्या चढवायला, चीनमधल्या डोंगुआनला जायचे. साधे डायोड आणि ट्रान्झिस्टर, काही पैशांचे, आणि होंडाला मेक्सिकोतला कारखाना थांबवावा लागला. कोट्यवधींचे फॅब बांधणाऱ्यांपैकी पॅकेजिंगकडे कितीजण बघतात, ते सांगा.

उंटावरचा_शहाणा: हे मात्र खरं. तेही घरी आणा, मी कुठे नको म्हणतोय!