आईचं ऑपरेशन, मेडिक्लेममधला को-पे आणि पांढरं रेशनकार्ड

प्रश्न:
आई ६६ वर्षांची. पुढच्या महिन्यात मणक्याचं ऑपरेशन आहे. मेडिक्लेम ५ लाखांचा, त्यात ‘रूम भाडं रोज १ टक्का, को-पे (मंजूर रकमेतला आपला वाटा) २० टक्के’ असं लिहिलंय. नागपुरात धंतोलीतल्या हॉस्पिटलने ८,००० रुपये रोजाची खोली सांगितली. वरचे ३,००० आपण भरले की झालं ना? रेशनकार्ड पांढरं आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत (सरकारी मोफत उपचार योजना) बसतो का? बाबा ७२ वर्षांचे, त्यांचा मेडिक्लेमच नाही.

उत्तर १:
नाही भाऊ, खरी कात्री इथंच लागते. मर्यादा ५,००० ची आणि खोली ८,००० ची, म्हणजे प्रमाण ६२.५ टक्के. हे प्रमाण सहसा सर्जन, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि नर्सिंगच्या फीलाही लागतं. समजा ४ दिवसांचं भाडं ३२,००० आणि ही बाकीची फी १,६०,००० झाली, तर मंजूर होतील २०,००० आणि १,००,०००. औषधं आणि इम्प्लांटवर ही कपात लागत नाही. ते ८८,००० धरा. मंजूर झाले २,०८,०००. त्यातून २० टक्के को-पे गेला की कंपनी देणार १,६६,४००. बिल २,८०,००० चं, तुमच्या खिशातून १,१३,६००! ५,००० च्या आतली खोली घ्या, मग मुख्यतः को-पेच उरेल.
शिवाय दुखणं पॉलिसीच्या आधीचं असेल तर वेटिंग पिरियड (ज्या काळात त्या दुखण्याचा क्लेम मिळत नाही) संपलाय का ते बघा. तो जास्तीत जास्त ३६ महिने असतो.

उत्तर २:
फुले योजनेत पांढरं कार्डही चालतं. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. पण हॉस्पिटल योजनेत आहे एवढ्यावर जाऊ नका, मणक्याच्या त्याच ऑपरेशनसाठी आहे का ते विचारा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यासाठी नागपूरची सरकारी रुग्णालयं, मेडिकल किंवा मेयो. भरती होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) भेटा, मंजुरी तिथूनच जाते. आधी पैसे भरून नंतर बिल लावू म्हणाल तर जमणार नाही, योजना कॅशलेसच आहे. हेल्पलाइन १५५३८८.

उत्तर ३:
बाबांचं ‘वय वंदना’ कार्ड (आयुष्मान भारत योजनेचं ज्येष्ठांसाठीचं कार्ड) काढून घ्या. ७० च्या पुढे उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय आणि ई-केवायसी पुरे. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) असेल तर मात्र दोन्हींतलं एकच निवडावं लागतं.