ट्रिटिकेल वांझ नाही

ट्रिटिकेल म्हणजे गहू आणि राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) यांचा संकर. तो वांझच निघतो, असं म्हटलं जातं. पहिल्या पिढीपुरतं ते खरं आहे. १८७५ मध्ये स्कॉटलंडच्या विल्सन यांना अशीच रोपं मिळाली, पण त्यांचे परागकण निकामी होते. गव्हाची २१ आणि रायची ७ गुणसूत्रं एकत्र येतात, पण एकालाही जोडीदार नसतो, मग दाणा धरणार कसा? १८८८ मध्ये जर्मनीत रिम्पाऊ यांच्या संकरात गुणसूत्रं आपोआप दुप्पट झाली आणि ओंबीत दाणे भरले! पुढे १९३७ नंतर हेच दुपटीकरण कोल्चिसीन लावून मुद्दाम करता येऊ लागलं. हे रसायन आपल्या कळलावीतही असतं, त्याच लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या फुलांच्या वेलीत. आजचं बहुतेक ट्रिटिकेल मात्र कमी गुणसूत्रांच्या, बन्सीसारख्या ड्युरम गव्हापासूनचं आहे, म्हणून ५६ ऐवजी ४२ गुणसूत्रांचं.