नवरीची स्किन साफ करताना आजीचं गोंदणच उडालं, आता काय करू?

अर्धाशटर, ठाणे

मंडळी सल्ला हवाय, जरा लांबेल पण वाचा. नोकरी वेगळी आहे, शनिवार-रविवार लग्नं शूट करतो. मे महिन्यातलं लग्न, घोडबंदर रोडचा हॉल, एसी नावालाच, स्टेजवर ते जांभळे-पिवळे एलईडी, नवरी घामाघूम आणि आदल्या दिवशीची हळद कानामागे नि मानेवर तशीच. 12 बाय 36 चा अल्बम, चाळीस पानं, हातात आठ दिवस. मग मी स्किन स्मूद करणारं एक प्लगिन घेतलं (नाव विचारू नका, चूक माझीच आहे), अख्ख्या फोल्डरला बॅच लावली आणि झोपलो. सकाळी वरवर बघितलं, मस्त वाटलं, पाठवून दिलं.

दुपारी नवरीच्या काकूंचा फोन. "अहो, आमच्या आईंचं गोंदण कुठं गेलं?" उघडून बघतो तर काय, आजींच्या हनुवटीवर तीन हिरवट टिंबं होती त्यातलं एक साफ गायब, दोन धुरकट, कपाळावरची रेघ अर्धी. सुरकुत्या इस्त्री मारल्यासारख्या. चेहरा कसला, सोललेलं उकडलेलं अंडं. लाज वाटली हो.

रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ) आहेत. परत करायला बसलो, यूट्यूब बघून फ्रीक्वेन्सी सेपरेशन (रंग आणि टेक्स्चर वेगवेगळ्या लेयरवर काढणं) केलं तर जबड्याच्या कडेला राखाडी धूर येतोय. स्किन स्वच्छ पण खरी ठेवायला नक्की करता काय तुम्ही लोक?

जुनीरीळ, वाशी

अरे बाळा, बॅच लावून झोपलास इथेच सगळं आलं. आमच्या वेळी स्टुडिओत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं रिटचिंग चालायचं, उस्ताद एकेका डागावर मान मोडून बसायचे, त्यामुळे काय काढायचं हे आधी ठरवावंच लागायचं. तू ते ठरवायचं कामच प्लगिनला दिलंस.

मी एकच विचारतो स्वतःला, पंधरा दिवसांनी हा माणूस भेटला तर हे दिसेल का? पिंपल, डास चावलेलं, थ्रेडिंगचा लालपणा, ओघळलेलं काजळ, हे जाणार, काढ. तीळ, व्रण, गोंदण, खळी, सुरकुती, हे राहणार, हात लावू नको. डोळ्याखालचं काळं मधलं आहे, थोडं हलकं कर, पुसू नको, नाहीतर डोळे चिकटवल्यासारखे दिसतात.

आणि चारशे फोटोंवर जीव काढू नको. 12 बाय 36 म्हणजे 300 डीपीआयला 10,800 बाय 3,600 पिक्सेल. ग्रुप फोटोत एकेक चेहरा इंचभर, म्हणजे साधारण 300 पिक्सेल, त्यात पोअर्स (त्वचेची छिद्रं) कुठून दिसणार? तिथे फक्त रंग आणि घामाची चकाकी बघ. क्लोजअप किती निघतील, पंचवीस-तीस? मेहनत त्यांच्यावर. आणि 200 टक्के झूमवर बसून करू नको, तिथे प्रत्येकाचा चेहरा चंद्रासारखा खड्ड्यांचा दिसतो.

पोअर्सवाली, नेरुळ

मी रोज हेच करते, म्हणून थोडं टेक्निकल सांगते. धूर का येतो ते आधी. फ्रीक्वेन्सी सेपरेशनमध्ये खालच्या लेयरवर रंग आणि सावली, वरच्यावर टेक्स्चर. तू खालच्या लेयरवर लॅसो मारून ब्लर करताना सिलेक्शन जबड्याच्या बाहेर जातंय, मग मानेची सावली गालात मिसळते आणि तो मळकट पट्टा येतो. सिलेक्शन गालातल्या गालात ठेव, फेदर दे म्हणजे कड मऊ होईल, कपाळ वेगळं, गाल वेगळा. दुसरं म्हणजे रेडियस. ब्लर वाढवत जायचं, पोअर्स दिसेनासे झाले पण नाक-ओठ ओळखू येतायत तिथे थांबायचं. 24 मेगापिक्सेलच्या कमरेपर्यंतच्या फोटोला माझा 6 ते 10 मध्ये बसतो, फुल लेंग्थला 2-3. टेक्स्चरचा लेयर बनवताना ॲप्लाय इमेज 8 बिटला सबट्रॅक्ट, स्केल 2, ऑफसेट 128 आणि 16 बिटला ॲड, इन्व्हर्टवर टिक, स्केल 2, ऑफसेट 0. यात गल्लत झाली की टेक्स्चरच बिघडतं. लेयर लिनियर लाइटवर.

पण खरं सांगू का, आजींना हे लावूच नकोस. रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रश, सॅम्पल करंट अँड बिलो, ब्रश डागापेक्षा किंचित मोठा, बास. बाकी डॉज-बर्न, म्हणजे हव्या त्या जागी उजळ-गडद करणं. दोन कर्व्ह, एक उजळ एक गडद, दोन्हीचे मास्क काळे, आणि पांढऱ्या ब्रशनं, फ्लो 2 टक्के ठेवून, मास्कवर हळूहळू रंगवायचं. वेळ जातो, चहा संपतो, पण टेक्स्चरला धक्का लागत नाही कारण तू फक्त उजेड सारखा करतोयस. सुरकुती ठेवायची, तिची खोली थोडी कमी करायची एवढंच.

एक युक्ती, वर तात्पुरता चॅनेल मिक्सर ठेव, मोनोक्रोम, ब्लू शंभर टक्के. आपल्या त्वचेचे डाग निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात जास्त उठतात, लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. काय चट्टा आहे नि काय नुसती सावली ते लगेच कळतं. काम झालं की लेयर बंद कर, नाहीतर चेहरा बघून घाबरशील.

हळदीला ब्लर-बिलर काही नको. रिकामा लेयर, मोड कलर, शेजारच्या स्वच्छ त्वचेचा रंग उचल, कमी फ्लोने फिरव. पोअर्स जसेच्या तसे. फक्त नखांजवळची हळद थोडी राहू दे, लग्नघर आहे ते. नथीची ओठावर पडलेली सावली पण काढू नकोस, मी एकदा काढली होती आणि नथ हवेत तरंगायला लागली.

गिंपवाला, ऐरोली

फोटोशॉप नसेल त्यांच्यासाठी, गिंप या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये 2.10 पासून फिल्टर्स मग एन्हान्समध्ये वेव्हलेट डिकम्पोज आलंय. फोटोचे बारीक ते मोठ्या तपशिलांचे आपोआप पाच स्केल (लेयर) पडतात, बारीक पोअर्स पहिल्या दोन-तीनमध्ये, चट्टे चौथ्या-पाचव्यात. मी फक्त चौथा-पाचवा हील करतो, वरच्यांना हात नाही.

पोअर्सवाली, नेरुळ

हो चालतं की ते. फक्त तेलकट कपाळ जिथे फ्लॅशने पूर्ण पांढरं झालंय तिथे कुठलंच स्केल वाचवणार नाही, डिटेल मुळात रेकॉर्डच झालेलं नाही. रॉमध्ये हायलाइट ओढून बघ, नाहीच आलं तर जवळची त्वचा क्लोन डार्कन मोडवर 20 टक्के. पुढच्या वेळी बॅगेत ब्लॉटिंग पेपर ठेव आणि मुहूर्ताच्या आधी नवरीच्या करवलीच्या हातात दे.

कटिंगचहा, कळवा

मोबाइलवर काढलेल्या फोटोंचं काय? नवरीच्या भावाने फोनवरचे पण घातलेत अल्बममध्ये.

जुनीरीळ, वाशी

त्याच्या फोनमधला ब्यूटी मोड चालू असेल तर पोअर्स तिथेच गेले रे, जेपीजीत परत कुठून आणणार. ते छोटे लाव कोपऱ्यात आणि वर एक-दोन टक्के ग्रेन टाक, शेजारच्या फोटोंपेक्षा वेगळे उठणार नाहीत.

अर्धाशटर, ठाणे

अपडेट. आजींचं पान पुन्हा केलं, फक्त हील आणि डॉज-बर्न, एका फोटोला पन्नास मिनिटं. पोअर्सवाली ताई, तो निळा चॅनेल लावल्यावर कळलं की मी ज्याला डाग समजत होतो ती चष्म्याची दांडी रुतून रुतून झालेली खाच आहे, ठेवली. आधी स्टेशनजवळच्या लॅबमधून एक 8 बाय 12 काढून घेतली, उजेडात धरून बघितली, तिन्ही टिंबं आहेत. काकूंना फोटो व्हॉट्सॲप केला, त्यांनी तो आजींना मोठा करून दाखवला म्हणे, आजी म्हणाल्या दात का नाही दाखवला हसताना.

आता नवी भानगड. नवरी म्हणते माझे फोटो मात्र आधीचेच गुळगुळीत ठेवा, तेच आवडलेत.

पोअर्सवाली, नेरुळ

नवा साफ केलेला लेयर वर ठेव, जुना गुळगुळीत खाली, वरच्याची ओपॅसिटी 60. तिला सांगू नकोस.