समुद्रतळाचे चुंबकीय पट्टे: पुरावा की नुसतंच गोल गोल?

पेठेतला_परीक्षार्थी:
सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत यावरून चांगलीच जुंपली म्हणून इथे विचारतोय. नोट्समध्ये सगळीकडे एवढंच की मध्यमहासागरी रांगेच्या (समुद्राच्या मधोमध पाण्याखाली असलेल्या डोंगररांगेच्या) दोन्ही बाजूंना सुलट-उलट चुंबकत्वाचे, म्हणजे पृथ्वीच्या आजच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेचे आणि तिच्या विरुद्ध, पट्टे आहेत, म्हणून समुद्रतळ पसरतो, विषय संपला. पण बोटीवरून मोजताना कळतं कसं की खालचा दगड उलटाच आहे, कमजोर चुंबकत्वाचा पण असू शकतो ना? आणि पट्ट्यांचं वय काढायचं उलटापालटीच्या (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कधी कधी उलटलं त्याच्या) टाइम स्केलवरून, आणि ते टाइम स्केल पट्ट्यांवरून, मग हे सिद्ध काय झालं? जाणकारांनी सांगा, 'गुगल कर' सोडून.

काळा_कातळ:
पहिल्या शंकेचं उत्तर आपल्या अरबी समुद्राच्या दक्षिणेलाच आहे. १९६२ मध्ये ओवेन नावाच्या ब्रिटिश जहाजाने कार्ल्सबर्ग रिज या तिथल्या मध्यमहासागरी रांगेचा एक तुकडा बारकाईने मोजला. मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र) लांब केबलला बांधून जहाजाच्या मागे ओढत नेतात, नाहीतर जहाजाचं लोखंडच मोजलं जायचं. तिथे ज्वालामुखीसारखे दोन उंचवटे होते, फ्रेड व्हाइनने कॉम्प्युटरवर हिशोब लावला तर एक आजच्या क्षेत्राच्या दिशेने आणि दुसरा जवळजवळ उलट दिशेने मॅग्नेटाइझ झालेला निघाला. दगड नुसता कमजोर असता तर फरक छोटा आला असता, उलटा नसता आला. यावरच व्हाइन आणि मॅथ्यूज यांचा १९६३ चा पेपर: रिजवर नवा तळ थंड होताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा दगडात गोठते आणि तळ दोन्हीकडे सरकत जातो, म्हणून पट्टे. कॅनडाच्या लॉरेन्स मोर्लेने तेच स्वतंत्रपणे लिहिलं होतं, पण दोन जर्नल्सनी परत पाठवलं, बिचारा.

घाटवाट:
दुसऱ्या शंकेबद्दल. सुरुवातीचं टाइम स्केल समुद्रातून आलेलंच नाही. कॉक्स, डोएल आणि डॅलरिम्पल यांनी जमिनीवरच्या लाव्हाचं वय पोटॅशियम-आर्गॉनने (दगडातल्या किरणोत्सारी पोटॅशियमचा किती आर्गॉन झाला ते मोजून) काढलं आणि त्याच दगडाची चुंबकीय दिशा मोजली. शेवटची उलटापालट साधारण ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची.

दिशा मोजायचं काम वाटतं तेवढं सोपं नाही हो. एमएस्सीला असताना घाटात आम्ही बेसॉल्टमधून (लाव्हाच्या काळ्या दगडातून) इंचभर जाडीचे कोअर, म्हणजे दगडाच्या कांड्या, काढायचो, ड्रिलला पाणी सोडत, आणि कोअर सुटायच्या आधी त्यावर दिशेची रेघ मारायची, ती राहिली की सगळी मेहनत पाण्यात. त्यात दगडच होकायंत्राची सुई ओढतो, खास करून जिथे कधीकाळी वीज पडली असेल तिथे, म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा ठरवायची आणि पावसाळी ढग आले की बसा चहा पीत.

तर हे जमिनीवरचं टाइम स्केल आणि एल्टॅनिन जहाजाने दक्षिण पॅसिफिकमध्ये मोजलेला, १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेला आलेख, दोन्ही जुळले. त्या आलेखाची डावी बाजू उजवीवर दुमडली तर जवळपास तंतोतंत बसते, एका बाजूचा वेग वर्षाला साधारण साडेचार सेंटीमीटर. कार्ल्सबर्ग त्यामानाने गोगलगाय, त्यामुळे तिथले पट्टे अरुंद.

पेठेतला_परीक्षार्थी:
भारी! म्हणजे माझी शंका अगदीच फालतू होती तर. आणि मग आपला सह्याद्रीचा दगड उलटा का सुलटा?

घाटवाट:
डेक्कन ट्रॅप, म्हणजे सह्याद्रीचे लाव्हाचे थर, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, त्यातला मोठा भाग उलट्या काळातला. महाबळेश्वरला वर चढत गेलात की वरच्या थरांत सुलट होतो.

काळा_कातळ:
फालतू कसली! अर्धी बरोबर होती. पोटॅशियम-आर्गॉनची अचूकता तेव्हा फारतर चाळीसेक लाख वर्षांपर्यंत पुरायची, त्याहून जुन्या उलटापालटींच्या तारखा खरंच पट्ट्यांच्या अंतरावरून काढल्या होत्या, दक्षिण अटलांटिक एकाच वेगाने पसरला असं धरून. तिथे गोल गोल फिरायचा धोका होताच. म्हणून मला विचाराल तर खरा निकाल १९६८ च्या अखेरीस लागला, ग्लोमर चॅलेंजर या ड्रिलिंग जहाजाने त्याच दक्षिण अटलांटिकमध्ये भोकं पाडली तेव्हा. बेसॉल्टच्या लगेच वर साचलेल्या गाळाचं वय त्यातल्या सूक्ष्म जीवाश्मांवरून काढलं, त्यात चुंबकाचा काही संबंध नाही, आणि रिजपासून जितकं लांब तितकं वय जास्त, पट्ट्यांवरून काढलेल्या अंदाजाला धरूनच. पुस्तकं हे एका ओळीत उरकतात, पेपरात लिहिलंस तर वेगळं दिसेल.

आणि सगळीकडे पट्टे असतात असं मात्र लिहू नकोस. साधारण १२ कोटी १० लाख ते ८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी क्षेत्र उलटलंच नाही, त्या काळातल्या तळावर मोजायला पट्टेच नाहीत, तिथे वय हवं तर ड्रिलिंगच.