'प्रेडिक्शन मार्केट'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'भाव' वाढला की काय समजायचं?

माहीमकरीण
एका लेखाच्या अनुवादात अडले आहे. अमेरिकेत 'अमुक उमेदवार जिंकेल' असे करार विकले-घेतले जातात. जिंकला तर करारामागे एक डॉलर मिळतो, हरला तर शून्य. म्हणजे करार ६२ सेंटला चालला असेल तर जिंकण्याची शक्यता बाजाराच्या मते साधारण ६२ टक्के. आयोवा विद्यापीठाने असा बाजार १९८८ मध्ये सुरू केला, पॉलिमार्केट आणि कालशी अलीकडचे. मी लिहिलं, 'अंदाजबाजारात उमेदवाराचा भाव वाढला'. संपादकांनी 'अंदाजबाजार' खोडून 'सट्टाबाजार' केलं आणि मुद्रितशोधक काकांनी समासात विचारलं, 'भाव वाढला म्हणजे पडणार ना?' आता दोन्ही शब्द अडलेत.

लालबागकर
काकांचं बरोबर आहे. बुकीचा भाव म्हणजे जिंकल्यावर रुपयामागे किती सुटणार. ज्याची खात्री जास्त, त्याला भाव कमी. ३० पैसेवाला पक्ष येणार, दोन रुपयेवाला बहुतेक पडणार. तुमच्या लेखात हे बरोबर उलटं आहे, म्हणून तिथे 'किंमत' लिहा. पण 'सट्टा' बदलू नका, तोच खरा शब्द. वडील गिरणीत होते. तेव्हा न्यूयॉर्कच्या कापसाचा उघडता आणि बंद भाव तारेने मुंबईत यायचा आणि त्यावर आकडा लागायचा. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' तिथलेच. पुढे तो भाव वापरणं थांबलं आणि मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले.

पार्लेकर
मटक्याची तुलना इथे चालणार नाही. मडक्यातून काय निघणार ते कुणालाच ठाऊक नसतं. लाख लोकांनी आकडा लावला तरी त्यातून माहिती निघत नाही. निवडणुकीबद्दल मात्र प्रत्येकाकडे थोडंथोडं काही असतं आणि ते किमतीत उतरतं. मी 'भाकीतपेठ' सुचवतो. 'पेठ' असताना फारसी 'बाजार' कशाला?

लालबागकर
भाजीबाजार, शेअरबाजार, मासळीबाजार सोडून फक्त इथेच शुद्धी का? पेठ म्हटलं की मला पुणं दिसतं.

माहीमकरीण
लालबागकर काका, 'किंमत' पटलं. लेखात पुढे 'विज्डम ऑफ क्राउड्स', म्हणजे अनेकांचं मिळून शहाणपण, हेपण आहे. तिथे 'पाचामुखी परमेश्वर' चालेल?

गिरगावकर
ताई, ते नकोच. पंच एकत्र बसतात, एकमेकांचं ऐकतात आणि मग एकमुखाने बोलतात. इथे नेमकं उलटं लागतं. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १९०७ मध्ये लिहिलेला प्रसंग घ्या. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एक बैल होता. कापून साफ केल्यावर त्याचं वजन किती भरेल, हे सहा पेन्सचं तिकीट घेऊन लिहून द्यायचं. ७८७ चिठ्ठ्या हिशेबात धरल्या. त्यांतला बरोबर मधला अंदाज १,२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन १,१९८. हे साधलं कारण प्रत्येकाची चूक त्याची स्वतःची होती. कुणी जास्त, कुणी कमी, म्हणून चुका एकमेकींना खाऊन गेल्या. सगळ्यांना आधी एकत्र बसवलं असतं तर सगळे एकाच बाजूला चुकले असते. 'जमाव', 'झुंड' हे शब्दही म्हणून नकोत. 'अनेकांचा अंदाज' लिहा.

पार्लेकर
पण बाजारात किंमत सगळ्यांना दिसते. तिथे स्वतंत्र कोण राहिलं? तिथली युक्ती वेगळी आहे. ज्याला किंमत चुकलेली वाटते तो तिच्याविरुद्ध पैसे लावतो. बैलाच्या चिठ्ठ्या आणि बाजार यांना एकच शब्द लावता येणार नाही.

मालवणी मुंबईत
'कौल' कुणालाच कसा सुचला नाही? 'जनतेचा कौल' रोज छापून येतो. गावी गुरव देवाच्या मूर्तीला कळे, म्हणजे कळ्या किंवा पानं, लावतो, पुढे काय होणार ते विचारतो आणि कोणत्या बाजूचा कळा पडतो त्यावरून उत्तर धरतो. कौलबाजार म्हणा.

गिरगावकर
जनतेचा कौल मतमोजणीनंतर येतो. हा बाजार त्याच्या आधीचा. शिवाय कौल मूळचा अरबी, अर्थ वचन. कौलनामा म्हणजे सरकारने रयतेला दिलेलं अभयपत्र. वचनावर कुणी पैसे लावत नाही.

मालवणी मुंबईत
देवाचा कौल हेसुद्धा वचनच. आणि गावात तो आधीच घेतात, काम झाल्यावर नाही.

लालबागकर
कौल असो की भाकीत, मला काळजी वाचकाची आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार रद्दबातल. अपवाद फक्त घोड्यांच्या शर्यतीतल्या ५०० रुपये आणि त्यावरच्या बक्षिसाच्या वर्गणीला. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेही एप्रिल २०२५ मध्ये 'ओपिनियन ट्रेडिंग'पासून, म्हणजे अशाच हो-नाहीच्या निकालांवर पैसे लावण्यापासून, लोकांना सावध केलं. तुम्ही 'अंदाजबाजार' लिहिलंत की वाचणाऱ्या पोराला ते अभ्यासाचं वाटेल आणि तो पैसे टाकेल. 'सट्टा' म्हटलं की निदान घरचे विचारतात. गिरणगावात घरं कशी रिकामी झाली ते मी पाहिलंय.

पार्लेकर
मग शेअरबाजारालाही सट्टाच म्हणा. तिथेही घरं गेलीत.

लालबागकर
आमच्या चाळीत म्हणायचेच. आणि 'सट्टा' बाहेरचा नाही. माझ्या मते तो 'साटंलोटं'मधल्या 'साट्या'चाच भाऊ, देवाणघेवाण.

गिरगावकर
साटंलोटं सोयरिकीचं. सट्टा गुजराती व्यापाऱ्यांकडून आला असं मला वाटतं.

माहीमकरीण
मजकूर उद्या द्यायचा आहे. 'अंदाजबाजार' ठेवून पहिल्याच ओळीत 'म्हणजे निकालावर पैसे लावण्याचा बाजार' लिहिलं, तर लालबागकर काकांना चालेल का?

मालवणी मुंबईत
गिरगावकर, तुमच्याकडे उजवा कळा पडला की होकार ना? आमच्या शेजारच्या गावात आधी कोणता पडला तर काय धरायचं ते गाऱ्हाण्यातच, म्हणजे देवाला आधी घातलेल्या साकड्यातच, ठरवून घेतात. हा फरक कुठून आला?

गिरगावकर
आमचं मूळ राजापूरकडचं. तिथे उजवाच.